खुळखुळणारं काडतूस

नऊ दाणे. नववा तिकडे कडेला, फनेलच्या सावलीत लपलेला... पांढऱ्या एनॅमलच्या ताटलीवर ते इतके काळे दिसत होते की सुप्रभाला आधी वाटलं, मोहरी सांडली. आणि मग स्वतःचंच हसू आलं, कारण मोहरी गोल असते आणि ही बंदुकीची दारू — पेन्सिलीच्या शिशाचे चिमटीत न येणारे तुकडे करावेत तशी, सरळसोट, निगरगट्ट, एकावर एक आडवी पडणारी. पण सांडली कशी? पाच वर्षांत तिच्या हातून एक दाणा सांडला नव्हता. शशिधरच्या हातून सांडायचे. तो मग ओल्या बोटाने ते टिपायचा आणि बोट तिच्यासमोर नाचवत म्हणायचा, "एवढ्याने काही होत नाही गं." एवढ्याने काही होत नाही हे त्याचं आवडतं वाक्य होतं. छातीत दुखायला लागलं त्या सकाळीही तेच म्हणाला होता.

फोन ताटलीशेजारी उपडा पडला होता, अजून कोमट. म्हणजे त्या फोनमुळेच. या खोलीत फोन आणायचा नाही हा शशिधरचा नियम, आणि तो गेल्यावर नियम पाळणारी ती एकटीच उरली तेव्हा तिने तो जास्तच कडक केला होता. आज आणला, कारण नेमबाजी क्लबचा सेक्रेटरी ग्लिन फोन करणार होता. आणि फोन आला अर्चनाचा.

"काय करून राहिली गं?" अर्चनाचं नागपूर वेल्समधल्या न्यूपोर्टला येऊन पंचवीस वर्षं झाली तरी जागचं हललं नव्हतं.

"काही नाही. आवरत होते जरा."

"एकटीच्या घरात काय असतं एवढं आवरायला? बरं ऐक. मंडळाच्या दिवाळीला चकल्या तुझ्याकडे. दीडशे. मागच्या वर्षी शिल्पाने केल्या होत्या, बाप्पा, एखाद्याचा दात हातात आला असता."

"करीन."

"सोऱ्या आहे ना?"

सुप्रभाने समोर पाहिलं. टेबलाच्या कडेला चार बोल्टांनी आवळलेला लोखंडी प्रेस, लांब दांड्याचा, हिरव्या रंगाचा. त्याला ती पहिल्या दिवसापासून सोऱ्याच म्हणत आली होती. "आहे," ती म्हणाली.

"आणि तू कशी आहेस?"

"मजेत."

"चल मग, ठेवते."

चार मिनिटं. चार मिनिटं मान वाकडी करून, फोन कान आणि खांद्यामध्ये धरून ती काम करत राहिली होती — कणीक मळताना बायका बोलतात तशी. कणीक माफ करते.

कामाची रीत साधी होती, आणि साधी म्हणूनच चुकायला सोपी. वापरलेली पितळी पुंगळी साफ करायची, पुन्हा मापात आणायची, बुडाला नवी टोपी बसवायची. मग तराजूवर दारू तोलायची — पुस्तकात दिली असेल तेवढीच, त्याच्यापुढे एक दाणा नाही — आणि लांब नळीच्या फनेलमधून ती पुंगळीत सोडायची. धार नव्हे, भुरभुर. हळू सोडलं की पडता पडता दाणे आपापली जागा करून घेतात, बसमध्ये कंडक्टरने न सांगता माणसं सरकतात तसे. तरीही ही दारू फोफशी, ती गळ्यापर्यंत येतेच. आणि मग प्रेसने वरून गोळी बसवताना दारूला थोडं दाबावं लागतं. ते दाबणं दिसत नाही, हाताला कळतं. दांड्यातून बारीक करकर येते, कोरड्या वाळूत टाच रुतावी तशी. शशिधरच्या वहीत त्याच्या डॉक्टरी अक्षरात याला 'कॉम्प्रेस्ड चार्ज' असं लिहिलेलं होतं. तोंडाने मात्र तो म्हणायचा, ठासून.

"ठासून भरलं ना, की आवाज होत नाही." तयार काडतूस तो तिच्या कानाशी धरून हलवायचा. "ऐक."

"काही ऐकू येत नाही."

"तेच ऐकायचं."

भूलतज्ज्ञ होता तो. आठवडाभर माणसांना शांत करायचा आणि रविवारी ब्रेकनच्या बाजूच्या डोंगरात जाऊन आवाज करायचा. ती थर्मास घेऊन सोबत. तोंडावर 'अहो', मनात 'अरे' — तीस वर्षं हे असंच चाललं, आणि तो गेल्यावर 'अहो' म्हणायची गरज संपली तेव्हा तिला कळलं की आपल्याला ते म्हणायला आवडायचं... हाक मारायला आवडायचं खरं तर. ओ येते म्हणून.

एकदा, लेक उर्वी शाळेत होती तेव्हाची गोष्ट, सांगलीहून आईचा फोन आला होता. जावई काय करतायत? आणि सुप्रभा हातातला कुकर सांभाळत सहज म्हणाली, "वरच्या खोलीत दारू भरत बसलेत."

पलीकडे शांतता. मग आई अगदी खालच्या आवाजात, "रोज?"

"नाही गं. शनिवारी फक्त."

"आणि तुला काही... बोलतात का?"

"बोलतात ना. मलाही शिकवतायत."

पुढचे चार शनिवार आईने मारुतीला रुईची माळ घातली, हे भावाकडून कळलं तेव्हा शशिधर जिन्यात बसून हसला होता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि नंतर वर्षानुवर्षं, खोलीचं दार लावून घेताना, "आईंना सांग, बसलो" असं म्हणायचा. आई गेली. शशिधर गेला. हा विनोद आता जगात फक्त माझ्याकडे आहे, तिला वाटलं, आणि एकटीने सांभाळलेला विनोद म्हणजे एका पायातला जोडा — टाकवत नाही, घालता येत नाही.

इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता. स्क्रीन काळी पडली होती, पण फॉर्म तिच्यामागे तसाच होता हे तिला ठाऊक होतं. रायफल बाळगायचं सर्टिफिकेट डिसेंबरमध्ये संपत होतं. पाच वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या नावाने ते पहिल्यांदा काढलं होतं, आणि आता नूतनीकरण. अर्ज सोमवारपर्यंत जायला हवा होता. तिने सगळं भरलं होतं. पत्ता. कपाटाचं कुलूप. डॉक्टरचं नाव. दारूच्या किंवा अमली पदार्थांच्या आहारी आहात का — नाही. तिथे तिला आईची आठवण झाली होती. आणि मग शेवटच्या पानावर, दोन माणसं. या देशात राहणारी, नात्यातली नसलेली, दोन वर्षांहून जास्त ओळखणारी, आणि पोलिसांनी विचारलं तर ही बाई बरी आहे असं सांगू शकणारी. फॉर्मच्या भाषेत, रेफरी.

पावणेसात कोटी माणसांतून दोन.

पहिला ग्लिन. गेल्या वेळी दुसऱ्या होत्या शेजारच्या आयर्वेनबाई, ज्या सुप्रभाची कचऱ्याची बिनं रस्त्यावर आणून ठेवायच्या आणि बदल्यात उपमा न्यायच्या. त्या फेब्रुवारीत गेल्या. दुसऱ्या नावाच्या चौकोनात गेले तीन आठवडे कर्सर नुसता उघडझाप करत होता. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्स विभागात ती आठवड्यातून तीन दिवस जाते, तिथे सगळे तिला ओळखतात — म्हणजे तिचा चहाचा मग ओळखतात, कुठला तिचा ते. मंडळात ओळखतात. सुप्रभाच्या चकल्या म्हणतात. पण ही बाई बरी आहे...

उर्वीला विचारलं होतं. ती एडिनबरातून व्हॉइस मेसेज पाठवते, बसस्टॉपवरच्या वाऱ्यासकट. "आई, मी होऊ शकते का तुझा रेफरी? ओह, फॅमिली नाही चालत. मग कोणतरी फ्रेंड टाक ना. तुझी एवढे फ्रेंड्स आहे." लेकीचं व्याकरण चुकलं होतं, आणि त्या वाक्यात चुकलेलं ते एवढंच असतं तर बरं होतं.

अर्चना. एकोणीस वर्षांची ओळख. अर्चनाचं नाव तिला पहिल्या दिवशीच सुचलं होतं आणि पहिल्या दिवशीच तिने ते बाजूला ठेवलं होतं. शशिधर गेल्यावर दोन पोलीस आले होते, बूट काढू का असं विचारणारे सभ्य, त्याची रायफल आणि काडतुसं न्यायला. अर्चनाने त्यांना चहा दिला. ते गेल्यावर दार लावून ती म्हणाली, "बरं झालं बाई, गेली ती एकदाची घरातून. एकट्या बाईच्या घरात बंदूक म्हणजे..." आणि कप विसळायला लागली. सुप्रभा म्हणाली, "हो ना."

एवढंच. एक 'हो ना'. त्याच्यावर मग पाच वर्षांचं खोटं उभं राहिलं. वर्षभराने तीच रायफल तिने ग्लिनच्या मदतीने रीतसर परत आणली, तेव्हा अर्चनाला सांगायला हवं होतं. रविवारी कुठे जातेस? वॉकिंग ग्रुप. बूट चिखलाने भरलेले असायचेच, कुणी का विचारेल.

आणि ते अर्चनाने अर्धं सोडलेलं वाक्य... ते तिने स्वतःशीही कधी पुरं केलं नव्हतं. खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी एकदा, नोव्हेंबरात, अर्ध्याच्या बरंच पुढे नेलं होतं, आणि मग उठून घासलेलीच भांडी पुन्हा घासली होती. तेव्हा घरात बंदूक नव्हती. बंदूक आल्यापासून एकदाही नाही. हे कुणाला कसं सांगायचं? की डोंगरात चटईवर पालथं पडून, श्वास अर्धा सोडून, त्या लांबच्या काळ्या ठिपक्याकडे बघताना जगात एवढं एकच काम उरतं, आणि ते मला जमतं. आवाज होतो तेव्हा कुणी विचारत नाही, काय झालं? सगळ्यांचाच होत असतो. ग्लिन दुर्बिणीतून बघून म्हणतो, "टायडी, लव्ह." त्याच्या वेल्श तोंडात टायडी म्हणजे झकास. त्या एका शब्दावर माझा आठवडा निघतो... हे पोलिसांना सांगायचं? अर्चनाने सांगायचं?

फोन थरथरला. ग्लिनचा मेसेज, नाव मिळालं का? नाहीतर रायफल त्याच्या कपाटात येईल, आणि त्याच्या कपाटात काय पसारा असतो ते तिला माहीत आहे. खाली एक हसरा चेहरा. तिने फोन पुन्हा उपडा ठेवला.

ती दाण्यांकडे परत आली. बाहेर सांडले, याचा अर्थ एका पुंगळीत मावेना एवढी दारू आली. तोललेली तर बरोबर होती. म्हणजे आधीच्या पुंगळीची दारू नळीत अडकली — हे दाणे आडवे पडले की अडकतात, नळीला टिचकी मारायची असते, तिने मारली नव्हती — आणि ती पुढच्या खेपेला खाली आली. ती भरलेली पुंगळी तिने लगेच रिकामी केली. पण आधीची? आधीची अर्धी होती, आणि फोन खांद्यावर असताना तिने तिच्यावर गोळी बसवून टाकली होती. करकर हाताला कळली नव्हती. हात 'मजेत' म्हणण्यात गुंतला होता.

तयार काडतुसं डबीत उभी होती, एकसारखी, शाळेच्या प्रार्थनेला उभी राहिल्यासारखी. यातलं एक अर्धपोटी. असं काडतूस झाडलं तर काय होईल सांगता येत नाही. कदाचित फुसकं निघेल, कदाचित गोळी रायफलच्या नळीतच अडकेल आणि पुढची तिच्यावर जाऊन आदळेल. तिने पहिलं उचललं आणि कानाशी हलवलं. शांत. दुसरं. शांत. तिसरं, चौथं... प्रत्येकाला तेच विचारत होती ती, आणि प्रत्येक जण तेच सांगत होता. बरंय. मजेत. मजेत.

अकरावं बोलत होतं.

अगदी बारीक. खुळ् खुळ्. उर्वीचा खुळखुळा होता, चांदीचा, सांगलीच्या सराफाकडचा, त्याच्याही निम्म्याने. तिने पुन्हा हलवलं. पितळेच्या आत, अंधारात, दाणे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात होते, कारण त्यांना जायला जागा होती. नियम होता की असं सापडलं की ताबडतोब हातोडीने ठोकून सोडवायचं — तशी खास पोकळ हातोडी असते, तिच्यात काडतूस उलटं अडकवून आपटलं की गोळी आणि दारू वेगळी होते. हातोडी खणात होती. सुप्रभाने खण उघडला, आणि काडतूस कानाशी धरून तशीच बसून राहिली. खुळ् खुळ्. इतक्या वर्षांत या खोलीत तिच्याशी पहिल्यांदाच कुणी बोललं होतं, आणि ते सदोष होतं म्हणून बोललं होतं.

मग तिने काडतूस बशीत वेगळं ठेवलं, लाल रुमालाखाली, आणि अर्चनाला फोन लावला. फॉर्म, सर्टिफिकेट, रेफरी अशा शब्दांची रांग तिने तयार ठेवली होती.

"अगं, आत्ताच तर बोललो. चकल्या नाही जमत का?"

"चकल्या जमतील. दुसरंच होतं. मी मघाशी खोटं बोलले. आवरत नव्हते मी."

"मग?"

रांग ऐन वेळी पांगली. तोंडातून आलं ते घरातलं, जुनं, अंगवळणी पडलेलं वाक्य. "वरच्या खोलीत दारू भरत बसले होते."

पलीकडे काही तरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. वाटी असावी.

"आत्ता? सकाळी अकराला?"

"सकाळीच बरं पडतं. हात स्थिर असतो."

"कधीपासून?"

"हे गेले, त्याच्या पुढच्या वर्षापासून. ह्यांचंच सगळं होतं घरात, म्हटलं वाया कशाला घालवायचं."

"एकटीच बसते?"

"आता दुसरं कोण असणार, अर्चना."

"आणि रविवारचं ते वॉकिंग?"

"वॉकिंग नव्हतंच ते. क्लब आहे. तेच सांगायचं होतं तुला, की तिथल्या एका कागदावर तुझं नाव..."

"क्लबातही!" अर्चना म्हणाली, आणि मग काहीच नाही. ती शांतता सुप्रभाला ओळखीची वाटली. कुठे ऐकली होती? कुकर, सांगली, खालच्या आवाजातलं 'रोज?'... आणि तिच्या लक्षात आलं. हसू थेट घशाशी आलं. आता सांगणार, अगं बंदुकीची, बंदुकीची गं! — पण अर्चना बोलायला लागली होती, आणि हा आवाज चकल्यांचा नव्हता.

"ऐक. मी काही बोलणार नाही तुला. मला वाटायचंच गं. सहा वर्षं ही बाई मजेत कशी असू शकते, मी यांनाही म्हटलं होतं. माझंच चुकलं. मी विचारायची कशी आहेस, तू म्हणायची मजेत, आणि मी लगेच म्हणायची चल मग. मलाही सुटल्यासारखं व्हायचं, खरं सांगते. तू आता त्या खोलीतून बाहेर ये. खाली जा, चहा ठेव. निघालेच मी."

"अर्चना, अगं ती दारू —"

"फोनवर नको. समोर सांग, सगळं." आणि फोन बंद झाला.

न्यूपोर्टहून पंचवीस मिनिटं. शनिवारी तीस. परत फोन लावायला हवा. एका शब्दाचं काम आहे, आणि ती बिचारी एम-फोर हायवेवर रडत गाडी चालवेल. सुप्रभाने फोन उचलला. अंगठा नावावर आणला... आणि तिथेच ठेवला. एका शब्दाने सगळं जागेवर जाईल. अर्चना हसेल, मग चिडेल, मग म्हणेल, एकट्या बाईच्या घरात... आणि या वेळी वाक्य पुरं करेल. कदाचित सही देईल. कदाचित देणार नाही. पण 'निघालेच मी' हे एवढं, हे चुकून आलेलं, दुसऱ्याच कुणाच्या दुखण्यासाठी काढलेलं औषध — ते अजून अर्धा तास तरी माझं आहे. आणि दुखणं तरी खरंच दुसऱ्याचं होतं का? तिने अर्चनाच्या प्रश्नांची उत्तरं मनात पुन्हा दिली. कधीपासून. एकटीच. आता दुसरं कोण असणार. एकही उत्तर खोटं नव्हतं.

तिने दारूचा डबा बंद केला, तयार काडतुसं कपाटात कुलपात टाकली. बशीतल्याला सोडवायला हातोडी घेतली, आणि ठेवून दिली. तेही कपाटात ठेवलं, इतरांपासून वेगळं, लाल रुमालात बांधून. अर्चना आल्यावर तिच्या कानाशी धरायचं आणि म्हणायचं, ऐक. मग ती काय म्हणेल ते म्हणेल. मग तिच्यासमोर ठोकू.

लॅपटॉपला हात लागला तशी स्क्रीन जागी झाली. चौकोन रिकामाच होता. त्याच्याखाली विचारलं होतं, ही व्यक्ती तुम्हाला कोणत्या नात्याने ओळखते. तिने ते आजवर नीट वाचलं नव्हतं.

दार लावून घेताना तोंडून आपोआप निघालं, "आईंना सांग, बसलो." आणि जिन्यात, तो हसत बसला होता त्याच पायरीवर, ती बसली. विनोद आता पुन्हा दोघींकडे होता. दुसरीला अजून माहीत नव्हतं, इतकंच. चहा ठेवायला हवा होता. दोन कप काढायला हवे होते. अर्चना दारातच विचारणार, कशी आहेस, आणि नेहमीचा शब्द तिने सवयीने तयार ठेवायला घेतला... तो नेहमीच्या ठिकाणी सापडेना. तिथे नुसती जागा होती, थोडीशीच. ती जरा हलली, तेव्हा त्या जागेत आत काही तरी इकडून तिकडे सरकलं, अगदी बारीक, आणि ती मान कलती करून ते ऐकत राहिली.